हिमोग्लोबिनवर काम माझं, ओळखलं मात्र शकूनं

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत मी पुण्याहून कुरखेड्याला घरी आलो होतो. बॅगेत दोन शर्ट आणि कॉम्प्युटरच्या प्रिंटआउटचा हा एवढा गठ्ठा...

मी पीएचडी करत होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हे प्रोटीन ऑक्सिजन घेताना-सोडताना कसं हलतं, त्याचे चार भाग एकमेकांवर कसे सरकतात, हे कॉम्प्युटरवर गणितानं मांडायचं. एवढीशी हालचाल काढायला मशीन दिवसचे दिवस चालायचं आणि हाती यायचे नुसते आकडे.

घरी धाकटी बहीण शकू खाटेवर पडून होती. दोन दिवस विड्यांसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडायला उन्हात गेली आणि तिचे हातपाय ठणकायला लागले. हे लहानपणापासूनचंच. कुणी वात म्हणायचं, कुणी कामचुकार. खरं सांगतो, कधीकधी मलाही तसंच वाटायचं...

दुपारी तिच्याजवळ बसून मी आकडे तपासत होतो. "भाऊ, हे काय पाहून राह्यला?" तिनं विचारलं.

तिचं मन रमावं म्हणून सांगत गेलो. हे प्रोटीन असं असं हलतं. काही लोकांत त्यातला एक बारीकसा भाग जन्मापासूनच वेगळा असतो. मग ऑक्सिजन सोडला की ही प्रोटीनं एकमेकांना चिकटतात, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. हाडं, सांधे ठणकतात. अंगातलं पाणी कमी झालं की जास्तच.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "हे तं तू माह्यंच सांगून राह्यला, भाऊ."

याच आजारावरचे, सिकलसेलवरचे, कितीतरी पेपर वाचले होते मी... आणि घरातली शकू मला दिसली नव्हती.

आठवड्याभरात आई आणि मी तिला नागपूरला घेऊन गेलो. बोटातून रक्त घेतलं, काचेवर थेंब ठेवला. डॉक्टरांनी मलाही मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. विळेच विळे. पुढच्या तपासणीतही तेच निघालं... सिकलसेल.

मला रडू आलं. शकू मात्र आईकडे वळून म्हणाली, "पाह्य आई, मी ढोंग नाई करत होती." आईनं तिथंच बाकावर तिला कवेत घेतलं.

माझ्या प्रोग्रामनं तिचं दुखणं बरं केलं नाही. पण त्यानंतर तिला कुणी उन्हात राबायला पाठवलं नाही, की कामचुकार म्हटलं नाही. गोळ्या, भरपूर पाणी, ताप आला की लगेच दवाखाना. आज ती दोन मुलांची आई आहे. दुखणं येतं अधूनमधून, पण ते काय आहे हे तिला माहीत असतं.

थिसिसच्या पहिल्या पानावर मी गाईडचे आभार मानले, कॉम्प्युटर सेंटरचेही. शकूचं नाव राहून गेलं... ते आज इथे लिहितो. शकू, आपण कुणासाठी काम करतो, हे मला तुझ्यामुळे कळलं.