नेव्हिल थर्टलचे पाच तास

नेव्हिल थर्टलचा दिवस दोन फेऱ्यांत वाटलेला होता. सकाळी पावणेआठपासून अकरा गावांतली चौतीस पोरं बसमध्ये गोळा करायची आणि शाळेच्या दारात नेऊन ओतायची. दुपारी तीनला तीच पोरं उचलून आपापल्या थांब्यावर पोचवायची. मधले पाच तास त्याचे स्वतःचे. इंग्लंडातल्या नॉरफोकमधले इतर बसवाले त्या वेळात घरी जाऊन डुलकी काढत. नेव्हिल धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतात जाई.

एकोणीस वर्षांत त्याने पुष्कळ शोधलं. शिशाचे गोळे, काडतुसांच्या टोप्या, ट्रॅक्टरमधून गळलेले नट, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या शेतगड्यांच्या विजारींची एवढी बटणं, की गडी उघडे फिरत होते की काय अशी शंका यावी. अधूनमधून एखादं झिजलेलं रोमन नाणं निघे, ते तो चार दिवस खिशात घेऊन फिरे आणि जिल्ह्याच्या पुरातत्त्व कार्यालयात नोंदवून येई. पण मिस्टर ऑल्डस यांच्यासारखा कडक शेतकरी त्याला कापणीनंतर बिनदिक्कत रानात सोडायचा, ते काही नाण्यांसाठी नव्हे. नेव्हिल खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, वर गवताचं ढेकूळ जसंच्या तसं बसवायचा आणि सगळा कचरा बादलीत भरून त्यांच्या ओट्यावर दाखवायला न्यायचा. नाताळला त्यांना एक व्हिस्कीची बाटली. असा मनुष्य कोणाला नको असतो?

त्याची ही शिस्त जन्मजात नव्हती, हे सांगायला हवं. पहिल्याच वर्षी तो एका बक्कलच्या नादात वेळ विसरला आणि पंचवीस मिनिटं उशिरा शाळेवर पोचला. पोरं गारांच्या पावसात भिंतीला चिकटून उभी होती. कोणी त्याला काही बोललं नाही, आणि तेच त्याला लागलं. त्या दिवसापासून तो पिशवीत चावीचं गजराचं घड्याळ ठेवू लागला. दोन वाजून दहा मिनिटांनी ते खणखणलं, की यंत्र बंद. मग जमिनीत काहीही असो. धातू शोधणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल करत. "थर्टलचं कोंबडं आरवलं रे, चला, बायको जेवायला बोलावतेय!" नेव्हिल हसायचा आणि निघायचा.

बायकोचं, लिनेटचं, या छंदाशी वैर नव्हतं आणि सख्यही नव्हतं. शेतातले बूट दाराबाहेर, एवढाच तिचा नियम. तो काही दाखवायला आला, की ती चष्मा न लावता म्हणायची, "छान आहे हं," आणि कांदा चिरत राहायची. एकतीस वर्षांच्या संसारात तिने एकदाही त्या रानात पाय ठेवला नव्हता.

सप्टेंबरातला तो गुरुवार. हॅल्डिंगमच्या चर्चमागच्या शेतातली बार्ली निघाली होती, नुसती धसकटं उरली होती, आणि शनिवारी ऑल्डस पुढची पेरणी करणार होते. पावणेदोनला यंत्राने असा स्वच्छ, गोल आवाज दिला की नेव्हिलने कानांवरचे हेडफोन काढून पुन्हा लावले. हातभर खाली चांदीचं नाणं निघालं. त्यावर घोडा होता, उधळलेला, आयाळ पिसारलेली. हा घोडा त्याने पुस्तकांत शंभरदा पाहिला होता. रोमन यायच्या आधी या मुलखात राहणाऱ्या इसेनी लोकांचं नाणं! दोन हजार वर्षं ते मातीत होतं आणि आता एका बसवाल्याच्या तळहातावर होतं.

आणि इथेच नेव्हिलने माती खाल्ली. क्लबात नवा कोणी आला की त्याला हाच थर्टल बजावायचा, "फोटो तळहाताचा काढायचा, फक्त तळहाताचा. मागे झाड नको, कुंपण नको, आकाशसुद्धा नको. आपलं रान लोकांना कळलं की संपलं." लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःची वेळ आल्यावर त्याने हात लांब धरला, फोटो काढला आणि क्लबाच्या ग्रुपवर टाकून दिला. तळहाताच्या मागे हॅल्डिंगमच्या चर्चचा गोल बुरूज, त्याच्या त्या वाकड्या लाकडी टोपीसकट, झक्क उभा. तसला बुरूज जिल्ह्यात दुसरा नाही.

फोटो पाठवून त्याने खड्ड्यात पुन्हा यंत्र फिरवलं. दुसरं नाणं. मग तिसरं, आणि त्याच्याखाली भाजलेल्या मडक्याचा काठ. यंत्र एकसारखं गात होतं.  नेव्हिलने खुरपं बाजूला ठेवलं, कारण याच्यापुढे खणायचं नसतं. मडकं जसं पुरलं तसं तज्ज्ञांनीच काढायचं असतं, नाहीतर त्याची सगळी कहाणी मोडते. त्याने जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकारी रोझालिंडबाईंना फोन लावला.

"हात लावू नका," त्या धापा टाकत म्हणाल्या. बहुतेक तिथूनच जिना उतरायला लागल्या होत्या. "झाकून ठेवा आणि तिथंच थांबा. मी साडेचारपर्यंत पोचते."

फोन ठेवतो न ठेवतो तो ग्रुपवर निरोप. "वा राजा, नाणं झकास! आणि बुरूज तर त्याहून झकास." खाली तीन जणांचे हसरे चेहरे.  नेव्हिलने फोटो पुसला, पण तोवर अकरा जणांनी पाहिला होता, आणि त्या अकरांतले निदान दोघे असे होते की ज्यांना मालकाची परवानगी नावाची गोष्ट माहीतच नव्हती.

तेवढ्यात पिशवीतलं घड्याळ खणखणलं.

आता काय करायचं ते सांगा! ऑल्डस दात काढायला शहरात गेलेले, फोन बंद. बदली ड्रायव्हर हवा तर आदल्या दिवशी सांगावं लागे. इथून उठावं, तर आयुष्यात एकदाच आलेलं मडकं परक्यांच्या कुदळीखाली जाईल. न उठावं, तर चौतीस पोरं शाळेच्या दारात. एकोणीस वर्षं ज्याच्यासाठी गुडघे झिजवले ते पायाखाली होतं आणि नेव्हिलला रडू यायचं बाकी होतं. त्याने घरी फोन केला.

"गॅसवर प्लमचा जॅम आहे," लिनेट म्हणाली. "काय ते लवकर बोल."

त्याने सांगितलं. 

"किती वाजता निघायला हवंस?"

"दोन वीसला. पण जॅम..."

"गेला खड्ड्यात जॅम."

आठ मिनिटांत तिची गाडी रानाच्या फाटकाशी थांबली. लिनेट एप्रनसकट उतरली, पायात घरातल्या सपाता, बोटं प्लमने जांभळी. सपातांत धसकटं टोचत होती तरी तरातरा चालत आली. नेव्हिलने बुजवलेल्या जागेवर आपली घडीची खुर्ची मांडली.

"यावर बस. उठू नकोस. कोणी काही विचारलं तर..."

"नेव्हिल, तू जा. पोरं उभी आहेत."

रस्त्याला लागताना त्याला आरशात एक निळी व्हॅन फाटकाकडे वळताना दिसली. त्याचा पाय ब्रेकवर गेला. मग त्याने तो उचलला.

त्या दिवशीची फेरी त्याने कशी केली ते त्यालाच ठाऊक. पोरं नेहमीसारखी ओरडत होती, एकीचा डबा सांडला, पण तो दर थांब्यावर नेहमीसारखाच दोन्हीकडे पाहून दार उघडत होता. शेवटच्या थांब्यावर पहिलीतली एक मुलगी उतरायची. तिला न्यायला आजोबा येत, आणि आजोबांचा पत्ता नव्हता. लहान मुलाला न्यायला कोणी नसेल तर हलायचं नाही, हा कायदा होता, आणि कायदा नसता तरी नेव्हिल हलला नसता. बारा मिनिटं तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. निळी व्हॅन डोळ्यांपुढून जाईना. शेवटी आजोबा चिखलाने माखून धावत आले.

"डुकरं सुटली होती रे! तुझा फार खोळंबा केला का?"

"छे हो," नेव्हिल म्हणाला. "मला कसली घाई?"

तो रानात पोचला तेव्हा पावणेपाच झाले होते. लिनेट खुर्चीवर ताठ बसलेली. रोझालिंडबाई आणि त्यांचे दोन मदतनीस पेट्या उतरवत होते. आणि फाटकाशी ऑल्डस उभे, एक गाल सुजलेला, हसताना हात गालावर.

"ते व्हॅनवाले?" नेव्हिलने आधी तेच विचारलं.

"आले होते दोघं. यंत्रं घेऊन," लिनेट म्हणाली. "म्हणे, नेव्हिलने मदतीला बोलावलंय. मी म्हटलं, माझा नवरा मला एकोणीस वर्षं त्या यंत्राला हात लावू देत नाही, तुम्हाला बरा बोलावेल! मग म्हणाले, बाई, तुम्ही जरा उठता का, तुमच्या खुर्चीखाली बघू. मी म्हटलं, वजन ऐंशी किलो आहे, उचलून बघा."

"मग?"

"मग काय! फोन काढून त्यांच्या गाडीच्या नंबराचा फोटो घेतला. मागे तुझा बुरूज पण आला, छान आलाय." तिने डोळे मिचकावले. "गेले शेपूट घालून. आता उठू का मी? अडीच तास झाले. तीन कप चहा पिऊन निघाले होते घरून."

ती कुंपणापलीकडे गेली आणि परत आली तोवर रोझालिंडबाईंनी मातीचा पहिला थर हलक्या हाताने काढला होता. मडक्याचं तोंड दिसायला लागलं. आत नाणी एकमेकांना चिकटून काळपट हिरवी झाली होती.  ऑल्डस यांनी टोपी काढली.

"एक विचारू?" रोझालिंडबाई नेव्हिलला म्हणाल्या. "असं काही सापडल्यावर माणसं जेवायलाही उठत नाहीत. तुम्ही निघून गेलात?"

"बस होती," नेव्हिल ओशाळून म्हणाला.

"एकोणीस वर्षांत एकदाच चुकला होता तो," लिनेट मध्येच बोलली. तिचा आवाज चढला होता. "पंचवीस मिनिटं. अजून झोपेत त्या दिवसाचं बोलतो. लोक हसतात त्याला, मीही हसलेय. पण आज त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, की तो मला सांगेल, तू बसची काहीतरी व्यवस्था बघ, मी इथून हलत नाही. नाही सांगितलं. मला फार अभिमान वाटतो त्याचा. आता लिहून घ्या काय लिहायचं ते."

नेव्हिल खाली बघत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रोझालिंडबाईंनी फॉर्म काढला. सापडल्याची वेळ, जागा, मालक, शोधणाऱ्याचं नाव, सगळं भराभर भरून झालं. मग एका रकान्यावर त्यांचं पेन थांबलं.

"अधिकारी येईपर्यंत राखण कोणी केली?"

"माझ्या बायकोने," नेव्हिल म्हणाला. "पूर्ण नाव लिहा. लिनेट ग्लॅडिस थर्टल. ग्लॅडिस गाळू नका."

लिनेटला ते मधलं नाव लहानपणापासून मुळीच आवडत नसे, आणि चारचौघांत कोणी उच्चारलं तर ती दोन दिवस बोलत नसे. पण त्या संध्याकाळी तिने चष्मा लावला, फॉर्मवर वाकून ते नीट लिहिलंय ना ते पाहिलं, आणि म्हणाली, "स्पेलिंगात डी नंतर आय नको, वाय हवा."