पेट्या नेल्यानंतरचा आवाज

भूतबीत, करणीबिरणी... यांवर माझा काडीचा विश्वास नाही, आधीच सांगतो. माझा संशय नेहमी माणसांवर. तरी लिहितोय, कारण गावात आता हे कुणापुढं बोलायची सोय उरलेली नाही.

मी मूळचा तळेगाव ढमढेऱ्याचा. लग्नानंतर सासऱ्यांची जमीन बघायला त्यांच्या गावी, राहूला आलो, तो इथलाच झालो – असं मला वाटतं, गावाला नाही. गावच्या लेकीचा नवरा म्हणून शेंबडं पोरगंसुद्धा मला दाजी म्हणतं. बैठकीत तोंड उघडलं की, "दाजी, तुम्ही च्या घ्या."

गेल्या वर्षी कांद्याचं बी धरलं होतं. कांद्याची फुलं, म्हणजे गोंडे, फुलायच्या टायमाला सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, बी चांगलं भरावं म्हणून मधमाश्यांच्या पेट्या आणवल्या. पेट्यावाला रामसेवक, बिहारचा. बांधावर तंबू ठोकला आणि दोन दिवसांत तोही मला दाजी म्हणायला लागला! मस्तकात तिडीक गेली. त्यात हा उघड्या हातानं पेटी उघडायचा, एक माशी चावायची नाही. मला तेव्हाच डाऊट आला.

गावात कुजबुज होतीच – माश्या फुलांचा रस ओढतात, बी पोचट निघणार. पारावर बैठक बसली तेव्हा मीच उठलो. "कुठला कोण माणूस! आधार कार्ड तरी बघितलंय का कुणी? आज फुलं, उद्या विहिरीवरच्या मोटारी जातील." पहिल्यांदाच सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, लई बरं वाटलं. संध्याकाळी माश्या आत आल्यावर रामसेवकनं पेट्या बंद केल्या, टेम्पोत भरल्या आणि गेला. आप्पा एवढंच म्हणाले, "पाव्हणं, घाई केली तुमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी रानात गेलो, तर गोंड्यांतून आवाज... पेट्या असताना यायचा तसाच, दाट. माशी मात्र एक नाही. बायकोला, सुनंदाला, बोलावलं.

"आवं, मला बी ऐकू येतंय," ती म्हणाली.

विहीर बघितली, बाभळी बघितल्या, विजेची लाईन बघितली. मोहोळ कुठंच नाही. बांध ओलांडला की आवाज बंद.

मग काढणी झाली. अख्ख्या शिवारात गोंडे पोचट. आमचे तेवढे टच्च भरलेले.

झालं! गाव विचारायला लागलं, "भय्याला हाकलला आन् त्याच्याकडनं काय शिकून घेतलं?" सख्खा मेहुणा आमचं बी पेरायला तयार नाही. भावकीतल्या बारशाला सुनंदाला बोलावलं नाही, ती दिवसभर रडली. मला तर आता कुणी दाजीसुद्धा म्हणत नाही.

यंदा आप्पाच म्हणाले, "बोलवा त्याला. समद्यांच्या बांधावर पेट्या ठिवू. समद्यांचं भरलं म्हंजी तोंडं बंद व्हतील."

पटलं मला. गावात राहायचं तर तो माणूस पाहिजे. रानातूनच फोन लावला. कांदे नुकतेच लावलेले – फूल सोडा, पातसुद्धा नाही. त्यानं उचलला. मी माफीबिफी मागितली नाही. "आ जाओ, पूरे गाँव का काम है," म्हटलं.

तो मग म्हणाला, "झूठ काहे बोलते हो दाजी? पीछे इतनी मक्खी बोल रही है. किसकी पेटी रखवा ली?"

मी वळून बघितलं. काळं रान आणि ठिबकच्या नळ्या. त्या वेळी मला काही ऐकूसुद्धा येत नव्हतं.

"अरे, कोई नहीं है!" मी ओरडलो. त्यानं फोन ठेवला.

गोंडे फुलायला आता फार दिवस नाहीत. माझा फोन तो आता घेत नाही. सुनंदाच्या नंबरवरून लावलं तर उचलतो, क्षणभर ऐकतो आणि कट करतो.