तिसऱ्या हाकेला ओ

माझ्या आत्याइतकी हाकेला ओ न देणारी, आणि तरीही पेशंट जिच्या नावाने देवापुढे नारळ फोडायचे, अशी नर्स उल्हासनगर ते बदलापूर या सगळ्या पट्ट्यात दुसरी झाली नाही, आणि होणारही नाही. खाटेवरून कुणी "सिस्टर" म्हटलं की आत्या गप्प. पुन्हा म्हटलं तरी गप्प. तिसऱ्यांदा म्हटलं की मग शांतपणे, "ओ, काय होतंय?" पाय मात्र पहिल्या हाकेलाच चालू लागलेले असायचे. पेशंट तिसरी हाक मारेपर्यंत ती उशाशी उभी राहून सलाइन बघत असायची, फक्त तोंड मिटलेलं. एका नव्या डॉक्टरांना हा प्रकार ठाऊक नव्हता. त्यांनी समोर उभ्या असलेल्या आत्याला हाक मारली आणि ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. "सिस्टर, तुम्हाला ऐकू येत नाही का?" असं ते ओरडले, तेव्हा आत्या म्हणाली, "येतं की. अजून एक राहिली." मी तुमच्या डोळ्यांसमोर उभा आहे, माझं तोंड दिसत नाही का, असं त्यांनी विचारलं. त्यावर आत्याने अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, "तोंड काय सर, त्यांना पन असतं." त्या दिवसापासून ते डॉक्टर तीनदा हाक मारू लागले, आणि मारताना एकदा मागेही वळून बघू लागले.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले एक सिंधी कापडवाले पोटाच्या ऑपरेशनसाठी तिच्या वॉर्डात होते. धंद्यातला माणूस, त्याने तिन्ही हाका एका दमात उरकायची युक्ती काढली. "दादी-दादी-दादी, पानी!" दादी म्हणजे सिंधीत थोरली बहीण. पुढे बरे होऊन गल्ल्यावर बसले तरी आत्या रस्त्याने जाताना दिसली की ते तीनदाच ओरडायचे आणि गिऱ्हाइकाला समजावायचे, "आदत पड गई, साईं."

या नियमाचं मूळ वांगणीच्या पलीकडच्या भातशेतीत होतं. आत्या परकरात असताना, भर दुपारी, रोपं लावायच्या आवणीच्या वेळी, तिच्या थोरल्या बहिणीला बांधापलीकडून कुणीतरी नावाने हाक मारली. बहिणीने चिखलातून मान वर करून "ओ" दिली. बांधावर कुणी नव्हतं. संध्याकाळी तिला ताप भरला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत ती गेली. ते जे असतं ते एकदाच हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी मारायची त्याला ताकद नसते, असं गावात सगळेच मानत. आत्याने त्या मरणातून दोन धडे घेतले. तापासाठी ती नर्स झाली. हाकेसाठी तिने तोंड मिटून घेतलं. "ताप औषधाने उतरतो, बाला," ती मला म्हणायची, "हाकेवर औषध नाय. पयल्या हाकेला ओ नाय द्यायची. मी मेल्यावर माझी आली, तरी नाय."

मी कॉलेजची वर्षं तिच्या घरी काढली, ती याच शिस्तीत. दारावरची बेल तीनदा वाजल्याशिवाय उघडायची नाही. सोमवारी अंबरनाथच्या शंकराला जायची, तिथेही घंटा तीनदाच. देवालाही पहिल्या दोन घंटांना ओ देता येत नसेल, असा तिचा हिशेब असावा. एकदा दुपारी जेवताना तिने घास हातात धरून ठेवला आणि कान दिला. मी विचारलं, काय झालं? "कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा. गोडं वरण मागायचे ते. एकदाच हाक मारली. जातील." एवढं बोलून तिने घास तोंडात घातला. ते आजोबा जाऊन महिना झाला होता. दूधवाला आज लवकर आला, हे ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात ती हे सांगायची, आणि माझ्या पानातला भात गार होऊन जायचा.

सगळे मेलेले तिला हाका मारत. फक्त तिचा नवरा मारत नसे. आमचे आतोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. अत्यंत मुखदुर्बळ माणूस. बायकोचं नाव घ्यायचं नाही ही जुनी रीत त्यांनी इतकी मनावर घेतली की "अगं"सुद्धा त्यांना चावट वाटे. ते खाकरत. चहाचं खाकरणं वेगळं, भुकेचं वेगळं, शर्टाचं बटण तुटल्याचं अगदीच ओशाळं. त्या खाकरण्याला मात्र आत्या ताबडतोब उठायची. ते गेले तेही आवाज न करता. त्यानंतर आत्याने पोराबाळांचं, भावंडांचं, आम्हा भाचरांचं सगळं केलं, लग्नं लावली, बाळंतपणं काढली, पण दुपारी हात रिकामा झाला की म्हणायची, "नको ते हाका मारत्यात. ज्यांनी मारायची ते नाय मारत."

म्हणूनच मुलाने चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा ती उल्हासनगरच्या जुन्या खोलीतून हलेना. तिचं म्हणणं सरळ होतं: ते आले आणि दार बंद दिसलं, तर हाक मारणार नाहीत, तसेच परत जातील. शेवटी तिने स्वतःच तोड काढली. निघायच्या दिवशी उंबऱ्यावर नारळ ठेवला, तांदूळ वाहिले आणि रिकाम्या खोलीला मोठ्याने पत्ता सांगितला. "अहो, बी विंग. लिफ्टात पाचचं बटन दाबा. वॉचमन विचारील, त्याच्याशी बोलत बसू नका, तुम्हाला जमायचं नाय. चिखलोलीला टेसन होनार म्हनत्यात, त्याची वाट बघू नका. बदलापूरला उतरा नि रिक्षा करा." टेम्पोवाला आधी हसला. मग आत्या उत्तर ऐकावं तशी थोडी थांबली आणि म्हणाली, "बरं." त्यानंतर टेम्पोवाल्याने सामान फार भराभर चढवलं.

ती नव्वदीला आली तेव्हाची एक दुपार. घरात आम्ही दोघंच. मुलगा आणि सून कामावर. भिजवलेले वाल सोलत आम्ही समोरासमोर बसलो होतो. आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं.

ते मीही ऐकलं. हे मी शपथेवर सांगतो, आणि कुणी हसलं तर हसू दे. अगदी ओशाळं, बटण तुटल्यासारखं खाकरणं होतं. आत्याने हात पदराला पुसले. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "आत्या, थांब. तीनदा येऊ दे. तूच शिकवलंस ना?"

"हाक कुठं मारली कुनी?" ती म्हणाली. आयुष्यभर तिने जपलेल्या नियमात ही फट होती आणि ती तिला पहिल्यापासून ठाऊक होती, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. नव्या नवरीसारखी लाजली होती म्हातारी. "खाकरलेत ते. सोड, बाला. किती लांबून आलेत." पदर सारखा करून ती "आले हो" म्हणाली आणि आत गेली.

मला उठायची छाती झाली नाही. उरलेले वाल मी सोलत बसलो. सगळे सोलून झाल्यावर आत गेलो. आत्या पलंगावर भिंतीच्या बाजूला, अंग चोरून निजली होती, शेजारी एका माणसाला पुरेल एवढी जागा ठेवून. नर्सच्या भाच्याला नाडी बघता येते. मी बघितली. नव्हती.

आता मी बदलापुरात राहतो. भर दुपारी घरात एकटा असलो की कधीतरी स्वयंपाकघराच्या बाजूने हाक येते. "बाला." एकदाच. दुसरी कधीच येत नाही. तिचा नियम ती माझ्यासाठी अजून पाळते. मी ओ देत नाही, तोंड मिटून बसतो. पण जिने मला जेवू वाढलं, तापात उशाशी जागली, तिने हाक मारावी आणि आपण दगडासारखं बसावं, हे काही जिवाला बरं वाटत नाही. मग मी हळूच, आतोबांसारखा, एकदा खाकरतो.