प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी

उस्मानपुऱ्यातली आमची शिलाईवाली मावशी तोंडात टाचण्या धरूनच बोलते, हसतेही तशीच. आजवर एकही गिळलेली नाही.

घराण्यातली पहिली बी.ए. मी. पदवीदानाची साडी तिनं हरवली म्हणून गिऱ्हाइकांसमोर तिला नाही नाही ते बोलले. साडी माझ्याच कपाटात निघाली. तरी माफी मागायला तोंड उघडेना. तिची गल्लीच टाळू लागले.

शनिवारी तीच दारात उभी.

"उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन हाय. मनात राग ठेवून भाकर कशी घेऊ? जा, केलं माफ."

"मावशी, साडी घरातच होती गं."

"व्हय, तुझ्या आईनं सांगितलं कवाच. पण माफ करणं जमंना. चार दिवस येशूला म्हणत होते, तुझ्याकडं दया लई हाय, थोडी इकडं दे."

रडू यायला हवं होतं, मला हसूच फुटलं. तीही हसत सुटली. मग म्हणाली, "स्कूटी काढ. अजून माझ्या बहिणीला माफ करायचंय."

बहिणीचं घर आलं तशी मागून माझ्या पाठीत बोट टोचलं. "थांबू नको, एक चक्कर मार. अजून राग हाय."

तिसऱ्या चकरेला तिनं थांबवलं आणि फाटकातूनच हाक मारली, "ताई, चहा टाक."