वडापची जीप आणि आक्का

आधी माफी मागतो. असं काही लिहायचा मला अधिकार आहे, असं वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही आणि लिहिण्यासारखं जे घडलं, ते माझ्या बाबतीत घडलेलंच नाही. ते घडत होतं तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून उसळ-चपाती खात असेन. ज्यांच्या बाबतीत घडलं ती माणसं त्यावर बोलत नाहीत, म्हणून मी लिहायला बसलो. वस्तीवर राहिलेल्यांनी हे वाचावं, आणि माझ्यासारखं पेटी उचलून बाहेर पडलेल्यांनीही. कुठं चुकलो तर सांभाळून घ्या.

मी घर सोडलं तेव्हा बारावीचा निकाल लागून थोडेच दिवस झाले होते. ऊन मी म्हणत होतं. न्हावऱ्याच्या चौकात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जीप उभी होती. माणसं भरून गावोगाव धावणाऱ्या अशा गाडीला आमच्याकडं वडाप म्हणतात. माझी पत्र्याची पेटी कॅरिअरवर वांग्यांच्या पोत्याशेजारी बांधली होती. आई आणि सुमनआक्का सोडायला आल्या होत्या. आक्का माझी मोठी बहीण, नुकतंच लग्न झालेली. मला वाटलं होतं, आज तरी आबा गाडी सरळ दौंडच्या स्टेशनला नेतील. पण ते बॉनेटला टेकून तंबाखू मळत माणसांची वाट बघत उभे राहिले.

"आबा, उशीर होईल," मी भीत भीत म्हणालो.

"पोरगं शिकाया चाललंय म्हणून गाडी मोकळी पळवू व्हय? नंबर हाय माझा. भरली की निघू."

आतली एक म्हातारी हसून म्हणाली, "आरं, बापाच्या गाडीत तूबी एक सीटच हायस. सरक तिकडं."

आक्कानं खिडकीतून हात घालून माझी कॉलर नीट केली. "पुण्यात कुणी हसलं तर हसू दे, पर तू गप बसू नगंस," म्हणाली. मग गाडी भरली, मागं दोघं-तिघं लटकले आणि आम्ही निघालो. चौफुल्याला निम्मी माणसं उतरली, तेवढीच चढली. दौंडला आबांनी पेटी खाली दिली. पुण्याची गाडी इथून सुटते, त्यामुळं बसायला जागा मिळते, म्हणून मला एवढं लांब आणलं होतं. ते फलाटावर आले नाहीत. आले असते तर परतीच्या रांगेतला नंबर गेला असता.

आमचं घर मूळचं मेंढरांमागं चालणारं. आजोबांनी सगळा जन्म पायी काढला. आबांच्या काळात रानं उसाखाली गेली, चराई उरली नाही, तेव्हा त्यांनी कळप विकून ही जुनी जीप घेतली. "चालून पाय थकलं, पर फिरल्याबिगर ऱ्हावंना, म्हणून चाकं घेतली," असं ते हसत सांगायचे. चौकात त्यांना आप्पा म्हणत, आणि बाकीचे ड्रायव्हर त्यांची चेष्टा करायचे. त्यातला पोपट जास्तच. "आप्पा, माणसं हाकताना हुर्रर्र करू नका, उतरून पळत्याल!" आबा उलट म्हणायचे, "मेंढरं बरी होती रं. खिडकीपायी भांडत तरी न्हवती."

सकाळी ते कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत पाळीला जाणारी पोरं न्यायचे, दुपारी बाजारची माणसं. पण त्यांचं एक काम दुसरं कुणी करत नसे. आमचे बरेच नातेवाईक अजून मेंढरं घेऊन फिरतात. उघड्या रानात त्यांचा जो मुक्काम पडतो त्याला वाडा म्हणतात, आणि तो आज इथं तर उद्या तिथं असतो. या वाड्यावर म्हातारी माणसं पोचवायची, आजारी पोर दवाखान्यात आणायचं, धान्य न्यायचं, चालता न येणारी कोकरंसुद्धा पुढच्या मुक्कामाला सोडायची, हे आबा करत. चहाच्या टपरीवर निरोप यायचा आणि आबा विचारत विचारत वाडा गाठायचे.

कॉलेजात लघुउद्योगाच्या तासाला सरांनी घरच्या धंद्याबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा मी उभा राहून हेच सांगितलं. सरांनी विचारलं, "गाडीची कॅपॅसिटी किती?" मी म्हणालो, "आत बसतील तेवढी, सर. लटकतात ती वेगळी." वर्ग हसला. मीही हसलो. सर मात्र म्हणाले, की ज्या घराला पत्ता नाही त्या घरी गाडी पोचवणं हा सुद्धा एक धंदा आहे, आणि त्याचा नीट विचार कर. त्या दिवशी मला घरची फार आठवण आली. सुट्टीत गेल्यावर हे आबांना सांगायचं, असं मी ठरवलं.

सुट्टीत गेलो तेव्हा ते सांगायची वेळ उरली नव्हती.

आक्काला पहिलं मूल होणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यातली रीत. तिच्या सासरचा वाडा परतीच्या वाटेवर कासुर्डीच्या शिवारात उतरला होता. अजून महिनाभर अवकाश आहे असा सगळ्यांचा अंदाज होता. एरवी लेकीला आणायला आई जाते, पण आई तापानं पडून होती. वाडा त्याच दिवशी हलणार असल्यामुळं आक्काच्या सासूला सोबत येता येईना. आबा एकटेच गेले आणि तिला घेऊन निघाले. रिकामी गाडी कशी आणायची, म्हणून नेहमीप्रमाणं चौफुल्याला नंबरात लावली.

तिथंच आक्काला कळा सुरू झाल्या.

शहरातल्या वाचकांना हे खरं वाटणार नाही, पण आमच्यात लेक बापापुढं असलं बोलत नाही. दिवस किती गेले हे बाप आईला विचारतो, लेकीला नाही. पोटात दुखतंय हे सांगायला तिथं एक तरी बाई हवी होती आणि त्या फेरीला गाडीत सगळे बाप्येच. केडगावचा दवाखाना जवळ होता. आक्का मधल्या सीटवर पदराचा बोळा तोंडात धरून बसली. आबांनी आरशात पाहिलं असेल, पण लेक पोटुशी असताना तिच्याकडं फार बघायचं नाही हीसुद्धा रीतच. गाडी भरली. मग पारगावला एक उतरला, पुढं मळ्यात एक, कुणाचं पोतं वरून काढून द्यायचं राहिलं होतं ते काढलं. माणसं दारापर्यंत सोडायची आबांना सवय होती. वस्तीवर पोचल्यावर आईनं दारातून आक्काचं तोंड पाहिलं आणि ती ओरडली. तशीच गाडी फिरवून शिरूरला नेली. आक्का वाचली. मुलगा होता, तो राहिला नाही.

मला हे आईनं सांगितलं, चुलीपुढं बसून, अगदी हळू. "तिनं सांगितलं न्हाई आन् ह्यांनी इचारलं न्हाई. कुणाला काय म्हणायचं?" एवढंच म्हणाली. आबा बाहेर जीपच्या चाकावर पाणी मारत होते. चाक कधीच स्वच्छ झालं होतं.

त्यानंतर आक्का आबांच्या गाडीत बसली नाही. माहेरी यायची ती एसटीनं, आणि फाट्यावरून वस्तीपर्यंत चालत. एकदा मीच जीपमध्ये पुढं बसलो होतो तेव्हा ती रस्त्यानं जाताना दिसली, डोक्यावर बोचकं. आबांनी गाडी हळू केली, तिच्या बरोबरीनं नेली. गाडीत माणसं होती. आक्कानं वर न बघता म्हटलं, "तुमी व्हा फुडं आबा. मी येते चालत." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आबांनी गिअर टाकला आणि आम्ही पुढं गेलो. मागं बसलेला कुणीतरी म्हणाला, "लेक रुसली वाटतं आप्पा?"

आबा बदलले. गाडीत कुणी तरुण बाई बसली, की ते वळून विचारायचे, "माय, बरं हाय न्हवं? काय दुखतंय-खुपतंय का?" बायका लाजायच्या, बाप्ये हसायचे. पोपटानं चौकात नाव पाडलं, "डाक्टर आप्पा". पुढं पुढं तर ते भरायच्या आधीच गाडी सोडू लागले. मागच्याचा नंबर बिघडायचा, भांडणं व्हायची. पोपट अंगावर धावून आला होता म्हणे, "डिझेल फुकट मिळतंय व्हय तुमाला? आमच्या पोटावर कशापायी पाय देता?" त्याचंही चूक नव्हतं. शेवटी आबांनी चौक सोडला. पाळीची पोरं कंपनीच्या बसनं जायला लागलीच होती. राहिली फक्त वाड्यावरची कामं आणि बाळंतिणी. कुणाच्याही घरी, कुठल्याही रानात बाईला कळा लागल्या की निरोप आबांना यायचा, आणि त्या खेपेला ते दुसरं माणूस गाडीत घेत नसत. वाटेत कुणी हात केला तरी थांबत नसत. वर्गात सर ज्याला धंदा म्हणाले होते तो हाच, पण मला त्याचं कौतुक वाटेना. पंचक्रोशीतल्या लेकींना आबा दवाखान्यात नेत होते. आपली तेवढी चालत येत होती.

मी पुण्यातच राहिलो. आता एम.कॉम. करतो आणि अर्धा दिवस एका कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर बसतो. कोणत्या कॅबचं पिकअप कुठं, ड्रॉप कुठं, हे ड्रायव्हरांना फोनवर सांगायचं. आपण घर सोडून आलो आणि शेवटी बसलो गाड्यांच्याच नंबराला, याचं कधी हसू येतं. ड्रायव्हर मला सर म्हणतात, त्यात काही आबांच्या वयाचे आहेत. मला संकोच होतो. तिथं एक नियम आहे: गाडीत एकटी बाई शेवटी राहता कामा नये, लेडीजला आधी सोडायचं. मी सहज हे आबांना फोनवर सांगितलं. त्यांनी मला तो परत एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "चांगला नियम हाय," आणि फोन आईकडं दिला.

हे लिहायला घेतलं त्याचं कारण असं, की या वर्षी आक्काला पुन्हा दिवस गेले. मधल्या काळात एकदा आशा लागली होती, ती तिसऱ्या महिन्यातच सुटली होती. त्यामुळं सगळे धास्तावलेले. वाडा पारगावच्या पुढं नदीकाठी होता. आता वाड्यावरही मोबाईल आलाय, दाजींच्या खिशात असतो. आई दर फोनला म्हणायची, "तिला लई सांगितलं, गाडी धाडतो म्हणून. ती नुस्ती व्हय व्हय करती. बोलवत न्हाई." दाजींनी दुसरी गाडी सांगून ठेवली होती. आबांनी ते ऐकलं. तरी जीप रोज धुवून, तोंड रस्त्याकडं करून उभी ठेवत होते, आणि दुसऱ्या खेपा घेईनात.

मला कुणी विचारतं, घरी कधी जाणार? पूर्वी घर म्हटलं की वस्ती डोळ्यांपुढं यायची, आईची चूल, कडुनिंब. आमच्या आधीच्या पिढ्यांना तर घर म्हणजे आज उतरलो ते रान एवढंच ठाऊक होतं. या दिवसांत मी डेस्कवर दुसऱ्यांच्या गाड्या हलवत बसायचो आणि लक्ष मात्र वाड्यापासून शिरूरपर्यंतच्या त्या रस्त्यावर असायचं. जिथं काय चाललंय हे कळल्याशिवाय घास उतरत नाही, तेच घर असावं. यापेक्षा बरं सांगता येत नाही. आणि तिथं मन मोकळं करून बोलता येत नसेल, तर ते घर अर्धंच, हेही मला आमच्याच माणसांकडं बघून कळलं.

काल दुपारी आईचा फोन आला. आवाज चढलेला, मागं माणसांचा गलका. मी उभाच राहिलो.

"आई, काय झालं? सांग की."

"आक्कानं फोन केलता."

"तुला?"

"मला न्हाई रं. आबास्नी. आबास्नी दे म्हणाली. म्हणली, आबा, मला कळा याय लागल्यात, गाडी घिऊन या."

या दोन माणसांत असं वाक्य कधी बोललं जाईल, हे मी धरलंच नव्हतं.

"मग?"

"मग काय, ह्येनी चपलाबी घातल्या न्हाईत. मी कशीबशी चढले गाडीत. वाटंत आक्का मोठ्यांदा वरडत हुती, आबा, हळू, खड्डा हाय! आबा, आता बिगीबिगी! आन् ह्ये व्हय बाय, व्हय बाय करत हुते. शिरूरला आलो. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत."

"आबा कुठं आहेत?"

"गाडीतच बसल्यात, स्टेरिंगवर डोकं ठेवून. उतरंनात. मी खाली चाललेय त्यास्नी आणाया. आक्कानं सांगून धाडलंय, आबास्नी म्हणावं वर या, पोरीला आधी तुमी घ्या."