हिराआत्याची सकाळची भवानी

हे मी लिहावं की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पेपरच्या पुरवणीत वारलेल्या माणसांबद्दल जे छापून येतं ते मी नेहमी वाचतो. ज्यांच्याबद्दल लिहिलेलं असतं ती माणसं मोठी असतात, आणि लिहिणारेही मोठे असतात. माझी हिराआत्या नाशिकच्या फुलबाजारात हार विकायची आणि मी कॉलेजात शिकतो, एवढंच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे बँकेच्या अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत लिहिण्याचं काही निघालं की ते माझ्याकडे येतं. हेही तसंच आलं. आत्या गेली त्याला काही आठवडे झाले तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "तुला येतंय ना लिव्हायला, मग लिव्ह की आक्काचं कायतरी." मी लिहायला बसलो, पण दरवेळी माझ्या डोक्यात कॉम्प्युटरच येतो. लोक गेलेल्या माणसाचे कष्ट लिहितात, स्वभाव लिहितात. मला मात्र एसएमपीएस, रॅम आणि हाराचा पांढरा दोरा आठवतो. हे बरोबर आहे का, माहीत नाही... तिच्या जाण्याची बातमी घरात सगळ्यात शेवटी मला कळली, तेव्हा इथंही ती शेवटीच येईल.

आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या पुढे, आणि तिथून रोज नाशिकला कॉलेजला येणं जमणारं नव्हतं. म्हणून बारावीनंतर मी आत्याकडे राहायला आलो. मखमलाबाद नाक्याजवळ तिच्या दोन खोल्या. घरात ती आणि आप्पा, म्हणजे तिचे यजमान. आप्पा सातपूरला कंपनीत प्रेसवर होते. तिथल्या दणदणाटात त्यांचे कान गेले, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून मोठ्यानं बोलावं लागतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. आत्या उजाडायच्या आत फुलबाजारात जायची आणि दुपारी परत यायची. तिचे हात कायम ओलसर असायचे, बोटांची टोकं हिरवट. मी अभ्यास करत असलो की मागून पुस्तकात डोकवायची आणि एखाद्या आकृतीवर बोट ठेवून विचारायची, "हे काय रे किरण्या?" मी सांगायला लागलो की पहिल्या वाक्यातच म्हणायची, "बरं बरं, तू शिक."

दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट सुरू झाले आणि कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद व्हायची. बाकीच्या मुलांकडे लॅपटॉप होते. माझी शिष्यवृत्ती आली होती, आत्याला भिशी लागली होती, पण दोन्ही मिळूनही माझ्या कामाला पुरेल असा लॅपटॉप येत नव्हता. वर्गातला एक मुलगा म्हणाला, सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जोड, तेवढ्यातच जास्त ताकदीचा होईल, आणि पुढे हातात आलं तसं एकेक वाढवता येईल. तेव्हापासून माझा जो गोंधळ सुरू झाला तो पुढे कितीतरी दिवस संपला नाही. हा प्रोसेसर त्या मदरबोर्डात बसत नाही. ती रॅम जुन्या पद्धतीची. ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यावं, की ज्याच्यात चित्र दाखवायची सोय आधीच आहे असा प्रोसेसर घेऊन कार्ड पुढे ढकलावं? एक व्हिडिओ म्हणायचा रॅमवर खर्च करा, दुसरा म्हणायचा रॅम नंतरही घेता येते. रोज मी नवीन यादी करायचो आणि रोज ती खोडायचो.

आत्या हे बघत होती. एकदा हार ओवता ओवता म्हणाली, "अरे, हाराचंच हाय ना हे? दर्शनी चार गुलाब भारी लावायचे, मागं शेवंती, मधी पाला. लोक पुढूनच बघतात." म्हणजे तिच्या मते बाहेरचं कॅबिनेट काचेचं आणि रंगीत दिव्यांचं हवं, आत काहीही चालेल. मी म्हणालो, आत्या, इथं उलटं आहे, आतलंच भारी लागतं, आणि सगळ्यांना वीज पुरवणारा तो डबा, एसएमपीएस, त्यात तर कंजुषी करायचीच नाही. तिला ते पटलं नाही. "आतलं कोण बघणाराय?" "कोणीच नाही." "मग?" मी परत यादी खोडायला घेतली.

खरेदीला ती माझ्याबरोबर आली, आणि संध्याकाळीच जायचं म्हणून अडून बसली. मला वाटलं तिला दुपारी विश्रांती हवी असेल. दुकानाशी पोचलो तर मालक आवराआवर करत होता, शटर अर्धं खाली आलेलं. आत्या खूश झाली. आत शिरून तिनं मदरबोर्डचा खोका उचलला, हातात तोलला आणि म्हणाली, "आता बंद करायची वेळ झाली. सांगा, काय लावायचं?" मालकाला काही कळेना. मग माझ्या लक्षात आलं. फुलबाजारात संध्याकाळी भाव उतरतो, कारण उरलेलं फूल सकाळी शिळं होतं. तिनं दुपारभर मला त्यासाठीच थांबवलं होतं. मालक हसून म्हणाला, "मावशी, हे सुकत नाही." आत्या म्हणाली, "सुकत नाय तर मग शटर कशाला पाडताय? आमचं सुकतं म्हणून आम्ही घरी जातो." मालक आवरायचं सोडून खुर्चीवर बसला. भाव काही उतरला नाही, पण त्यानं शटर परत वर केलं, चहा मागवला आणि माझी यादी नीट बघितली. ग्राफिक्स कार्ड त्यानंच काढायला लावलं. "पुढं घे, जागा ठेव," म्हणाला. प्रोसेसर तापू नये म्हणून लावायच्या थर्मल पेस्टची एक छोटी ट्यूब त्यानं वरून दिली, ती आत्यानं 'वरचं फूल' म्हणून कमरेच्या पिशवीत टाकली. कॅबिनेट साधं काळं घेतलं. घरी येईपर्यंत ती त्यावर नाराज होती. रिक्षात ते मांडीवर घेऊन बसली होती, तरी नाराज.

जोडायला हत्यारं फारशी लागत नाहीत, एक चांगला स्क्रूड्रायव्हर पुरतो. आप्पांच्या पेटीत होते ते सगळे मशिनच्या मापाचे. त्यातला सर्वांत बारीक काढून आप्पांनी तो जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकावर घासला, म्हणजे स्क्रू टोकाला चिकटून राहील. अंगातल्या विजेनं भाग जळतात असं मी वाचलं होतं, म्हणून दर थोड्या वेळानं उठून नळाला हात लावून यायचो. आप्पांना वाटलं मला ताप आलाय. आत्या जवळ यायला लागली की मी ओरडायचो, "ओले हात नको!" मग ती मेंदी काढल्यासारखे दोन्ही हात वर धरून उभी राहायची. शेवटी वायरींचा गुंता झाला. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणायच्या मी विसरलो होतो. आत्यानं हात पदराला कोरडे केले, हाराचा पांढरा दोरा घेतला आणि सगळ्या वायरी एका बाजूला घेऊन गजरा बांधतात तशा गाठी मारत गेली. मी थांबवलं नाही. इतक्या नीट वायरी मी व्हिडिओतही पाहिल्या नव्हत्या.

पहिलं बटन आत्यानं दाबायचं असं मी ठरवलं होतं. ती नको नको म्हणत होती. तरी दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. काही नाही. मला घाम फुटला, पण मी तिच्याकडे बघितलं आणि माझा घाम राहिलाच बाजूला. ती मागे सरकली होती. म्हणाली, "म्हटलं होतं ना तुला. माझ्या हाताला यश नाय. दुसऱ्या कुणाच्या हातानं लाव." ओटीभरणाला, बारशाला ती मागच्या मागे का राहते, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. मी आप्पांना बॅटरी धरायला सांगितली आणि एकेक वायर तपासत बसलो. कॅबिनेटच्या बटनाची वायर म्हणजे दोन टाचणीएवढ्या काड्यांवर बसणारी टोपी असते. ती मी शेजारच्या काड्यांवर बसवली होती. चूक माझी होती, तिच्या हाताची नव्हती. मी ती बदलली आणि आत्याला परत बोलावलं. ती येईना. "तूच लाव." मी म्हणालो, तू नाही दाबलंस तर हा असाच बंद राहील, मी लावणार नाही. बराच वेळ आम्ही दोघं हट्टाला पेटलो होतो. शेवटी आप्पा काही न ऐकता मधेच म्हणाले, "दाब की गं." तिनं दाबलं. पंखा फिरला. तो आवाज ऐकताना तिनं डोळे मिटले होते.

त्यानंतर ते बटन तिचंच झालं. फुलबाजारात दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला, पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, आणि ती चांगली झाली की दिवस चांगला जातो असं सगळे मानतात. आत्या पहाटे निघताना कॉम्प्युटरचं बटन दाबायची, पंख्याचा आवाज आला की "झाली भवानी" म्हणायची आणि पाटी उचलायची. मॉनिटरचा पडदा कधीच लावायची नाही, आवाज पुरायचा. मी म्हणायचो, आत्या, मी सातला उठतो, तोवर तो उगाच चालू राहतो. "राहू दे. तुझं बिल मी भरते." दसऱ्याला तिनं कॅबिनेटला एवढा मोठा झेंडूचा हार घातला की पंख्याला वाराच मिळेना आणि मशिन तापून बंद पडलं. पाकळ्या मी अजून अधूनमधून आतून काढतो.

गेल्या वर्षी मला पुढच्या शिक्षणाला पुण्यात प्रवेश मिळाला. हॉस्टेलच्या खोलीत डेस्कटॉप ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून तो नाशिकलाच राहिला, आणि मी दुरून जोडून त्यावर काम करायला लागलो, रात्री पुण्यातूनच तो बंद करायचो. फोनवर एक अ‍ॅप होतं. घरचा कॉम्प्युटर चालू झाला की त्यात हिरवा ठिपका दिसायचा. पहाटे जाग आली की मी आधी तो बघायचो. ठिपका दिसला म्हणजे आत्या बाजारात निघाली. संध्याकाळी तिला फोन करून सांगायचो, झाली बरं का भवानी. "मग? होणारच की," म्हणायची. आता तिच्या आवाजात शंका नसायची.

सत्राची परीक्षा सुरू झाली आणि आत्याचा फोन नाना उचलायला लागले. मी विचारलं, तुम्ही नाशकात कसे? म्हणाले, टमाटे घेऊन आलो व्हतो. आत्या कुठाय? घसा बसलाय, डॉक्टरनं बोलू नको सांगितलंय. दुसऱ्या दिवशी, झोपलीय. मग, दर्शनाला गेलीय. मला थोडं विचित्र वाटत होतं, पण हिरवा ठिपका रोज येत होता, आणि त्यापुढे मी फार विचार केला नाही. तो पहाटेऐवजी चांगलं उजाडल्यावर यायला लागला होता. थंडीचे दिवस होते, मी म्हटलं आत्या उशिरा निघत असेल. एका सकाळी तर ठिपका आला, गेला, परत आला, परत गेला. मी पेपरला निघालो होतो. मला हसू आलं. वाटलं, आत्या कॅबिनेट पुसतेय.

परवा नाशिकला आलो तेव्हा मी कॅबिनेट उघडलं. पुण्यातल्या एका मुलाकडून जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलंय, ते बसवायचं होतं. दुकानदारानं सांगितलं तशी जागा राखलेली होतीच. पण कार्डाला वीज द्यायची वायर त्या पांढऱ्या दोऱ्यात बांधलेली आहे. दोरा आता मळकट झालाय, गाठी मात्र घट्ट आहेत. कात्री घेऊन मी बसलो होतो. आतलं कोण बघणाराय, असं ती म्हणाली होती... मी झाकण परत लावलं. कार्ड अजून खोक्यात आहे. काय करावं, खरंच कळत नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी बाहेर आलो तर कॉलेजच्या फाटकाशी नाना उभे होते. नाना पुण्याला कधी आले नव्हते. डोक्यावर टोपी, हातात रिकामी पिशवी. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं. मी चांगला गेला म्हणालो. मग ते म्हणाले, "आक्का गेली रे." बाजारातच, फुलं उतरवताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईस्तोवर सगळं संपलं. तुझा पहिला पेपर व्हायचा व्हता त्याच्या आदल्या दिवशी. पोराचं वर्ष जायला नको म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं...

मी म्हणालो, "असं कसं? आज सकाळी कॉम्प्युटर लागला होता." मी फोन काढून त्यांच्यापुढे धरला. हिरवा ठिपका होता. आत्ताही होता. "हे बघा ना नाना. हे आत्याच लावते."

नानांनी फोन हातात घेऊन बघितला.

"ते आप्पा लावतात रे," ते म्हणाले. "आम्ही लावायला सांगितलं नाय त्यांना. सुतकात मी म्हटलं पण, आप्पा, राहू द्या. ऐकत नाय. पहिल्यांदा लय येळ दाबत बसले. त्यांना पंखा ऐकू येत नाय ना, लागला का नाय तेच कळंना, मग परत दाबायचे, की तो बंद पडायचा. आता मागच्या बाजूला हात धरून बघतात, वारा येतोय का."