मावशीची गॅलरी

मावशी बसमध्ये कंडक्टर होती. भल्याभल्या दांडगटांना "पुढे सरका" म्हणून सरकवणाऱ्या या बाईला निवृत्तीनंतर घरच्यांनीच सरकवायला बघावं, म्हणजे कमाल झाली. तेही प्रेमाने. म्हणून तर मला अजून राग आहे.

ऑर्किडचा नाद तिला निवृत्तीनंतर लागला. पहिली काही रोपं तिने स्वतःच मारली. काळी माती, शेणखत, दोन्ही वेळा पाणी, असा जावयासारखा पाहुणचार केला आणि मुळं कुजवली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की हे झाड मातीतलं नाहीच. रानात ते दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसतं आणि मुळं हवेत सोडतं. तिने जाळीच्या टोपल्यांत नारळाचं सोडण आणि कोळशाचे तुकडे भरले आणि टोपल्या गॅलरीत टांगल्या. पाणी फक्त सकाळी. मुळं चंदेरी दिसली तर तहानलेली, हिरवी असली तर हात लावायचा नाही. पानांच्या बेचक्यात थेंब साचला तर ती तो कापसाने टिपून घ्यायची. "यांना पाण्यापेक्षा वारा जास्त लागतो," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, कुणी विचारलेलं नसताना.

दादा म्हणजे तिचा मुलगा. तिने एकटं राहू नये, कायमचं आपल्याकडे यावं, असा त्याचा धोशा होता. मावशीचं ठरलेलं उत्तर, "आणि माझ्या झाडांकडे कोण बघणार?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मात्र तिला त्याच्याकडे राहावंच लागलं. फ्लॅटची किल्ली वहिनीकडे गेली. मावशीने पाण्याचं सगळं समजावून सांगितलं होतं, पण या दोघांना तिला खूश करायचं होतं. दादाने गॅलरीला सरकत्या काचा बसवल्या, धूळ नको, डास नकोत म्हणून. वहिनीने रोज टोपल्या न्हाऊ घातल्या. बाहेर लोंबणारी मुळं गांडुळांसारखी दिसतात म्हणून कात्रीने कापून सगळं नीटनेटकं केलं.

मावशी काठी टेकत घरी आली तेव्हा मी बरोबर होते. काचांना आतून घाम फुटला होता आणि कुबट वास येत होता. तिने एका झाडाचं पान धरलं, तर ते अलगद तिच्या हातात आलं. वहिनीचा चेहरा पडला. मावशीने सुताराला बोलावलं आणि त्याच दिवशी काचा उतरवून घेतल्या.

"तुझ्यासाठीच केलं ना, आई?" दादा म्हणाला.

"माझ्यासाठी केलंस. मला विचारून नाही केलंस."

दादाला लागलं ते. जाताना दारात थांबून म्हणाला, "ही झाडं गेली, तर मग येशील ना आमच्याकडे?"

मावशीने सुरी तापवली, कुजलेलं सगळं कापलं, बुरशी धरू नये म्हणून कापांवर दालचिनीची पूड दाबली आणि टोपल्या वाऱ्यात टांगल्या. बरा नसलेला गुडघा घेऊन ती स्टुलावर चढायची, आणि मी ओरडले की मलाच झापायची. तरी एकेक झाड जात राहिलं. जांभळ्या फुलांचं थोरलं झाड सगळ्यात शेवटी गेलं. त्या दिवशी ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली. आणि मला वाटलं, संपलं, आता ही दादाकडे जाणार.

दादाला कळवलं मीच. तो सामान भरायला रिकामी खोकी घेऊन आला. गॅलरीत नुसते आकडे लोंबत होते.

"सगळी गेली ना?" त्याने हळूच विचारलं.

"गेली."

"मग चल आता."

"खोकी आणलीस ते बरं केलंस," मावशी म्हणाली. "त्या काचा भिंतीशी टेकवून ठेवल्यात, त्या खोक्यांच्या पुठ्ठ्यात गुंडाळून ने. पायात येतात माझ्या."

"आई, अगं झाडं नाहीत आता. कशासाठी राहायचंय इथे?"

"झाडांसाठी कोण राहत होतं? ते तुला वाईट वाटू नये म्हणून सांगत होते."

"मग एकटी करणार काय दिवसभर?"

मावशीने गॅलरीच्या मधोमध खुर्ची ओढली आणि दुखरा पाय लांब करून बसली. "बसणार," ती म्हणाली. "नोकरी सगळी उभ्याने केली. आता माझ्या घरात बसायला तुझी परवानगी काढू?"